आधी धडा, मग अॅप

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शाळेतल्या ऑनलाइन साधनांबद्दल आपल्या दैनिकात सध्या वाचकांची पत्रं येत आहेत. एका पालकांनी लिहिलं की जिल्हा परिषदेच्या शाळांना एवढे डिजिटल संच मिळाले, पण शिक्षक ते फडक्याखाली झाकून ठेवतात, त्यांना शिकायचंच नसतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांचं म्हणणं असं की खडू-फळा सोडून जो पडद्याच्या नादी लागला त्याचं शिकवणं संपलं. दोन्ही पत्रं मी लक्ष देऊन वाचली. पाटण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. वयाची पन्नाशी ओलांडली आहे. लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि त्यावर चालणारी ही साधनं मी चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि आज अडलेल्या धड्याला मी ती हक्काने काढते. म्हणून हे पत्र. शिक्षकाला शिकायचं असतं. त्याला शिकवण्याची जी पद्धत आपण धरून बसलो आहोत, तिथे घोडं अडलं आहे.

शासनाने काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयानंतर गावोगावी शाळा डिजिटल करण्याचं वारं आलं, लोकांनी वर्गणी काढली. 5 सप्टेंबर 2017 ला केंद्र शासनाचं 'दीक्षा' हे शिक्षणाचं पोर्टल सुरू झालं. मग बालभारतीच्या पुस्तकांत पाठापाठाला क्यूआर कोड आले. फोन धरला की त्या पाठाचं दृक्‌श्राव्य साहित्य उघडतं. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव डिजिटल शाळा म्हणून राज्यभर झालं. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, पेढे वाटले गेले. त्या पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे मी आजही मुलांना सांगते. पण या दोन्ही शाळांचं काम कुणी परिपत्रक काढून करायला लावलेलं नव्हतं. समोर बसलेल्या मुलांना काय येत नाही, काय लागतंय, तिथून ते सुरू झालं. आपण त्यांच्याकडून क्यूआर कोड घेतला, पडदा घेतला, आणि नेमकी ही सुरुवात सोडून दिली.

मी आधी दुसऱ्या तालुक्यात होते. तिथलं एक प्रशिक्षण सांगते. मोठा हॉल, शंभराच्या वर शिक्षक, पुढे पडदा. साधनव्यक्ती, म्हणजे प्रशिक्षण देणारे, एकामागून एक स्लाइड वाचत होते. अॅप कसं उघडायचं, नोंदणी कुठे करायची, पासवर्ड विसरला तर काय करायचं. मागच्या रांगांना पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती. हॉलमध्ये नेटवर्क नव्हतं, त्यामुळे ज्या अॅपचं प्रशिक्षण ते बहुतेकांच्या फोनवर उघडलंच नाही. सकाळी सही, दुपारी जेवण, संध्याकाळी पुन्हा सही आणि प्रमाणपत्र. साधनव्यक्तींना मी दोष देत नाही; वरून आलेल्या स्लाइड खाली पोचवणं एवढंच काम त्यांना दिलेलं होतं. पण पहिलीला अक्षरओळख शिकवणाऱ्या बाई, सातवीला इतिहास शिकवणारे सर आणि आठवीला बीजगणित शिकवणारी मी, तिघांनाही तीच स्लाइड. घरी जाताना उद्या वर्गात वापरता येईल असा एक पाठही कुणाच्या हातात नव्हता.

पुढे प्रशिक्षणंच ऑनलाइन झाली. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला की पुढचा टप्पा उघडतो, सगळे टप्पे झाले की प्रश्न, मग प्रमाणपत्र. फोन ओट्यावर चालू ठेवून स्वयंपाक करता करता कोर्स पूर्ण केलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. ज्या प्रशिक्षणात माझ्या वर्गाचा, माझ्या विषयाचा कुठे उल्लेखच नाही, ते बाई ओट्याजवळच ऐकणार. कोरोनाच्या काळात, 2020 साली, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत आम्ही व्हॉट्सअॅपवर रोज अभ्यास पाठवला. त्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक शिक्षक फोनवरून काही ना काही पाठवायला शिकला. पण पाठवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, आणि शाळा उघडल्यावर त्या दोन्हींमधली वाट दाखवायला कुणी आलं नाही.

मी खऱ्या अर्थाने शिकले ते या तालुक्यात आल्यावर, शेजारच्या वस्तीशाळेवरच्या एका सरांकडून. ते माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ लहान आहेत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शाळेत जायची. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "सर, कुठलं अॅप चांगलं?" ते म्हणाले, "मॅडम, तुमचा कुठला धडा अडतो ते सांगा. अॅपचं मग बघू."

माझा अडणारा धडा ठरलेला होता. आठवीच्या गणितात 'त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा' हे प्रकरण आहे. शिरोलंब म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब. तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात, त्याला शिरोलंबसंपात म्हणायचं. लघुकोन त्रिकोणात तो बिंदू त्रिकोणाच्या आत असतो, काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूवर आणि विशालकोन त्रिकोणात त्रिकोणाच्या बाहेर. हे वाक्य मुलं पाठ करतात, परीक्षेत बरोबर लिहितात आणि त्यांना ते पटलेलं नसतं. त्रिकोणाचा बिंदू त्रिकोणाबाहेर कसा जाईल? फळ्यावर दाखवायचं तर लाकडी गुण्या धरून विशालकोन त्रिकोण काढा, दोन बाजू वाढवा, त्यांवर लंब टाका, लंब मागे वाढवा; तोवर रेषा फळ्याच्या कडेला पोचलेली असते. एका तासिकेत फार तर दोन-तीन आकृत्या होतात. मुलाला वाटतं बाईंनी मुद्दाम तसा त्रिकोण घेतला म्हणून बिंदू बाहेर गेला.

सरांनी मला जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर उघडायला लावलं. साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 साली ते तयार केलं. ते फुकट मिळतं आणि एकदा लॅपटॉपवर उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. आमच्या डोंगरी भागात हा गुण सगळ्यात मोठा. त्या दुपारी सर माझ्या शेजारी बसून होते, पण त्यांनी माउसला हात लावला नाही. "तीन बिंदू द्या. आता त्रिकोण. आता या बिंदूतून समोरच्या बाजूला लंब." माझं चुकीच्या ठिकाणी क्लिक व्हायचं, ते थांबायचे, मीच पुसायची, मीच पुन्हा काढायची. तिन्ही शिरोलंब झाले, छेदबिंदू ठळक लाल केला, फाइलला मराठीत नाव दिलं आणि जपून ठेवली. ती फाइल त्यांनी करून दिली असती तर पाच मिनिटांत झाली असती आणि मी ती वर्षातून एकदा उघडली असती. माझ्या हाताने झाली म्हणून पुढच्या शनिवारी मध्यगांची फाइल मी घरूनच करून नेली.

मग एक दिवस ते माझ्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसले. ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून आम्हाला प्रोजेक्टर घेऊन दिला आहे. त्यावर मी त्रिकोण लावला, शिरोबिंदू ओढला आणि लाल बिंदू सरकताना दाखवायला लागले. मुलं खूश होती. तास संपल्यावर सर म्हणाले, "मॅडम, ओढायच्या आधी मुलांना अंदाज लिहायला सांगा. नाहीतर ती नुसती बघतात." या एका वाक्याने माझा तास बदलला. दुसऱ्या दिवशी आधी प्रत्येकाने वहीत कंपास आणि गुण्या घेऊन स्वतःचा त्रिकोण काढला. मग मी विचारलं, हा वरचा शिरोबिंदू मी उजवीकडे नेत गेले तर लाल बिंदू कुठे जाईल? वर, खाली, आत, बाहेर? लिहा. बहुतेकांनी लिहिलं, आतच राहील. मग एका मुलीला बोलावलं आणि ओढायला सांगितलं. बिंदू बाजूकडे सरकत गेला, कोपऱ्यात जाऊन टेकला आणि पुढच्या क्षणी बाहेर. वर्गात एकच गलका झाला, "मॅडम, पळाला!" त्या मुलीने सगळ्यांना गप्प केलं, शिरोबिंदू हळूहळू मागे आणला आणि लाल बिंदू जिथे कोपऱ्यावर बसतो तिथे नेमका थांबवला. म्हणाली, "इथे काटकोन आहे बघा." हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. मग मुलं मध्यगासंपात, म्हणजे शिरोबिंदू आणि समोरच्या बाजूचा मध्य जोडणाऱ्या रेषा जिथे मिळतात तो बिंदू, बाहेर काढायच्या मागे लागली. त्रिकोण कसाही ओढला, अगदी चिंचोळा केला तरी तो बाहेर येईना. 'तो का येत नाही?' या प्रश्नावर जी चर्चा झाली तशी चर्चा माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या प्रकरणावर झाली नव्हती.

ज्या निवृत्त मुख्याध्यापकांनी फळ्याबद्दल लिहिलं, त्यांना मी आदराने सांगते की सर, कंपास सुटलेला नाही. हाताने त्रिकोण काढल्याशिवाय माझ्या वर्गात पडदा लागत नाही. ज्याने स्वतः लंब टाकून पाहिला आहे त्यालाच बिंदू पळाल्याचं नवल वाटतं. विज्ञानातही तसंच. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातली विद्युत परिपथाची पडद्यावरची प्रतिकृती मी दाखवते. नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी 2002 साली हा प्रकल्प सुरू केला आणि त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती मराठीतही आहेत. पण आधी सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब मुलांच्या हातात देते. पडद्यावरचा बल्ब कधी उडत नाही, त्याची वायर सैल होत नाही. ते मुलांनी हाताने अनुभवायला हवं. आणि वायरमधून वाहणारा प्रवाह डोळ्यांना दिसत नाही, तो पडद्यावर दिसतो. दोन्हींची गरज आहे, आणि कुठलं कधी हे ठरवायला शिक्षक लागतो.

आता अशी एक गोष्ट लिहिते जी आमच्याच भागात होऊ शकते. कोयना परिसरात लहानमोठे धक्के नेहमीचे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या मोठ्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. त्या पहाटेच्या आठवणी सांगणारे आजी-आजोबा अजून घरोघर आहेत. मध्यंतरी रात्री एक हलका धक्का बसला. दुसऱ्या दिवशी वर्गात तोच विषय. कुणी म्हणे भांडी वाजली, कुणी म्हणे आम्हाला कळलंच नाही. मी मुलांना म्हटलं, चला, आपण विचारू या. गुगल फॉर्म कसा करायचा हे मला येत होतं, कारण कार्यालयांकडून येणारे फॉर्म भरता भरता त्याची रचना डोक्यात बसली होती. प्रश्न मुलांनी काढले: धक्का बसला तेव्हा घरात होता की बाहेर? झोपेतून जाग आली का? मांडणीवरची भांडी वाजली का? घर मातीचं की सिमेंटचं? नाव विचारायचं नाही, फक्त वाडी, असं आम्ही ठरवलं. ज्यांच्या घरी फोन होता त्यांनी संध्याकाळी फॉर्म भरून घेतले. बाकीच्यांनी कागदावर लिहून आणलं आणि शाळेत बसून टाइप केलं.

तक्ता पडद्यावर उघडला तेव्हा आठवीच्या सांख्यिकीला खरा जीव आला. पुस्तकातले विभाजित आणि शतमान स्तंभालेख इतके दिवस कुठल्यातरी अनोळखी गावातल्या पिकांचे असायचे, आता ते आमच्या वाड्यांचे झाले. आधी आलेख कागदावर हाताने काढला, मग यंत्राकडून काढून घेऊन पडताळला. एका वाडीतल्या दोन नोंदी शब्दाशब्दाने सारख्या निघाल्या. एकाच घरातून दोघा भावंडांनी वेगवेगळे फॉर्म भरले होते. मग अशा नोंदीचं काय करायचं, दोन्ही ठेवायच्या की एक, यावर मुलं हिरिरीने भांडली. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर देशातल्या भूकंपांची वेळ, महत्ता (भूकंप किती मोठा तो आकडा) आणि खोली दिलेली असते, ते पान आम्ही उघडून पाहिलं. एका मुलाने विचारलं, "मॅडम, इथे एका भूकंपाला एकच आकडा आहे. मग आम्हाला जाग आली आणि शेजारच्या वाडीला का नाही आली?" भूकंपात मोकळी झालेली ऊर्जा सांगणारा आकडा एकच असतो, पण जमीन कुठली, घर कसलं, केंद्रापासून अंतर किती यावर प्रत्येक ठिकाणी जाणवणारा धक्का बदलतो, हे त्या प्रश्नातून मुलांना कळलं. माझ्या शिकवण्याने एवढं नीट कळलं नसतं.

हा फॉर्म मी कुठल्याही प्रशिक्षणात शिकले नाही, आणि हीच माझी खंत आहे. शिक्षकाच्या फोनवर ऑनलाइन साधनं दिवसभर असतात, पण ती माहिती भरायला. यू-डायस, सरल, शालार्थ ही सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, आणि मध्येच ग्रुपवर निरोप: अत्यंत तातडीचे, 12 वाजेपर्यंत लिंक भरावी. तास चालू असताना फोन वाजतो आणि शिक्षक वर्ग सोडून व्हरांड्यात नेटवर्क शोधत उभा राहतो. गावातल्या माणसाला दिसतं ते हे की बाई तासाला मोबाइलवर असतात. फोन बाईंचा स्वतःचा आहे, त्यातला डेटा बाईंच्या पगारातला आहे, आणि त्या भरत असलेली लिंक मुलांच्या शिकण्याशी काडीइतकी जोडलेली नाही, हे त्याला कसं दिसणार? माहिती लागते हे मला मान्य आहे. पण तीच माहिती वेगवेगळ्या कार्यालयांनी वेगवेगळ्या लिंकवर मागू नये आणि शाळेच्या वेळेत मागू नये, एवढं तरी ठरवता येईल.

संच झाकून ठेवण्याबद्दलही लिहायला हवं, कारण त्या पालकांनी पाहिलं ते खरं आहे. असे झाकलेले संच मीही पाहिले आहेत. त्यातल्या कित्येकांत जुन्या अभ्यासक्रमाचे पाठ भरून दिलेले होते. आठवीचं पुस्तक 2018 साली बदललं आणि ते पाठ निरुपयोगी झाले. काही बंद पडले ते दुरुस्तीला कुणी आलं नाही म्हणून. आणि वीज? ज्या तालुक्यात कोयनेचं धरण आहे, 1,960 मेगावॅटचा प्रकल्प त्या पाण्यावर चालतो, सड्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, तिथे पावसाळ्यात वर्गातली लाइट दिवसदिवस नसते. हे झालं डोंगरी भागाचं. पण बिल थकलं म्हणून शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या आपण राज्याच्या कानाकोपऱ्यातून छापल्या आहेत. 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला 10 हजार रुपये, 100 पर्यंत पट असेल तर 25 हजार. खडू, दुरुस्ती, स्वच्छता, वीज, सगळं त्यातच. ज्या शाळेचा पट कमी तिथे एक प्रोजेक्टर चालवायचा म्हणजे कुठला खर्च मागे ठेवायचा हे मुख्याध्यापकांना ठरवावं लागतं. शाळेच्या विजेचा आणि इंटरनेटचा खर्च अनुदानातून बाहेर काढून वेगळ्या शीर्षाखाली थेट भरला जावा, ही मागणी शिक्षक संघटना करत आल्या आहेत. तिच्यामागे पालकांनी उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

एवढ्या अडचणी आहेत तर हे सगळं हवंच कशाला, असंही कुणी विचारेल. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या 2024 च्या ग्रामीण शिक्षण पाहणीत 14 ते 16 वर्षांच्या 82 टक्क्यांहून अधिक मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो असं आढळलं. त्यांपैकी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं 57 टक्के, समाजमाध्यमं पाहिलेली 76 टक्के. फोन मुलाच्या हातात पोचलेला आहे. तिथे शाळेला विचारायला कुणी आलं नव्हतं. त्याच फोनवर त्रिकोण ओढून बघता येतो, भूकंपाची खोली वाचता येते, वाडीची पाहणी करता येते, हे त्याला दाखवणारं माणूस आमच्याकडच्या बहुतेक घरांत नाही. आई-वडील शेतावर, नाहीतर मुंबईला. ते माणूस शाळेतच मिळायला हवं.

माझी मागणी मोठी नाही. दर महिन्याला केंद्रपातळीवर शिक्षण परिषद होते. दहा-बारा शाळांचे शिक्षक एकत्र येतात. परिपत्रकांचं वाचन, माहितीचे तक्ते, सूचना यात तिचा बराच वेळ जातो. त्यातले दोन तास फक्त हातात लॅपटॉप किंवा फोन घेऊन बसण्यासाठी राखून ठेवावेत. विषय वरून येऊ नये. प्रत्येकाने आपला अडलेला एक धडा घेऊन यावं, ज्याला येतं त्याने शेजारी बसावं, माउसला हात लावू नये, आणि दोन तासांनी प्रत्येकाकडे उद्याच्या वर्गासाठी तयार पाठ असावा. ज्याला चांगलं जमतं अशा शिक्षकाला महिन्यातून एक दिवस शेजारच्या शाळेच्या वर्गात जाऊन बसायची मोकळीक द्यावी, आणि त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या वर्गाची सोय केंद्रप्रमुखांनी लावावी. शेवटच्या बाकावरून मिळालेलं ते एक वाक्य मला कुठल्याही हॉलमध्ये मिळालं नसतं. आणि साधन वापरल्याचे फोटो रोज ग्रुपवर टाकायला सांगू नये. फोटो मागितले की शिक्षक फोटोपुरतं साधन लावतो, हे आपण सगळे जाणतो.

आमच्या केंद्रातल्या शिक्षकांनी आपापले अडलेले धडे लिहून केंद्रप्रमुखांकडे दिले आहेत. सातवीच्या भूगोलाच्या सरांना समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, डोळ्यांसमोर उभ्या करायच्या आहेत. गुगल अर्थवर आमचेच डोंगर तिरके करून दाखवता येतील असं त्यांच्या मनात आहे. दुसरीच्या बाईंना जोडाक्षरांना अडखळणाऱ्या मुलांकडून रोज मोठ्याने वाचून घ्यायचं आहे, आणि एवढ्या मुलांकडे एकेकट्याने लक्ष पुरत नाही. पाचवीच्या बाईंना सममूल्य अपूर्णांक हवेत. मला स्वतःला आठवीची चौकोन रचना. पुढच्या परिषदेत त्यासाठी वेळ मिळावा, अशी विनंती आम्ही केली आहे. इतर केंद्रांतल्या शिक्षकांनीही अशी यादी करून द्यावी, आणि ज्या अधिकाऱ्यांच्या हाती परिषदेची विषयपत्रिका आहे त्यांनी ती वाचावी, म्हणून हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
एक पदवीधर शिक्षिका,
पाटण तालुका, जि. सातारा
(कृपया नाव छापू नये.)